वर्गवार यादी

सर आम्हाला दीड वर्ष शिकवायला होते, पण त्यांनी फळा पुसलेला मी एकदाही पाहिला नाही. लिहायला सुरुवात व्हायची डाव्या वरच्या कोपऱ्यातून. तास संपत येईल तशी अक्षरं मुंगीएवढी होत उजव्या खालच्या कोपऱ्यात गोळा व्हायची. तरीही जागा पुरली नाही, तर ते फळ्याच्या लाकडी चौकटीवर लिहायचे. एकदा चौकटही संपली, तेव्हा भिंतीवर लिहिलं. शिपाईमामा ओला फडका घेऊन दारात तिष्ठत असायचे.

"आवं सर, पुसू का आता? फुडचा तास हाय."

"पुसा. पण मी गेल्यावर. माझ्यादेखत नको."

"का वं? फळा हाय त्यो, शिलालेख न्हवं."

"मामा, एखाद्या नावाला एकदा किंमत दिली की ती बदलायची नाही. नवी किंमत पाहिजे तर नवं नाव घ्या. खोडाखोड केली, की मागं काय होतं ते पुन्हा कुणालाच सांगता येत नाही."

हे ते चेष्टेनं बोलत नसत. त्यांच्या आवडत्या भाषेचा, म्हणजे संगणकाच्या भाषेचा, तो पहिला नियम होता. मामा मान डोलावून ऐकून घ्यायचे आणि सर गेले की आम्हाला सांगायचे, "मानूस लय चांगला. पर डोस्क्यात बारा म्हयने उनाळा."

आमचं इंजिनिअरिंग कॉलेज सांगलीपासून एस.टी.नं तासाभरावर, उसाच्या मधोमध उभं होतं. साखर काढून झाली, दूध काढून झालं, आता इंजिनिअर काढावेत असं संस्थेनं ठरवलं आणि ते काढायला सुरुवातही केली. मी वाईची. कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात राहत होते. माझी खोलीतली जोडीदार मंगल कडेगावची होती. तिचे वडील साखर कारखान्यात रोजंदारीवर होते. ती माझ्यापेक्षा हुशार होती. हे मला पहिल्या सहामाहीत कळलं आणि मान्य करायला मला चौथी उजाडली.

संगणकांची खोली हे आमच्या कॉलेजातलं सगळ्यात पवित्र ठिकाण होतं. चपला बाहेर काढायच्या, हात पुसायचे, हळू बोलायचं. आत बारा यंत्रं आणि एक गार हवेचं मशीन. सर पहिल्या दिवशी बूट घालूनच आत शिरले. तिथला सहायक धावत आला, "सर, बूट!"

"मी देवळात जात नाही," सर म्हणाले, "त्यामुळं सवय नाही."

मग त्याचा चेहरा पाहून बाहेर आले, बूट काढले आणि धुळीनं पंखा कसा खराब होतो यावर त्यालाच दहा मिनिटं समजावून सांगितलं. नियम त्यांना चालायचे. फक्त कारण कळलं पाहिजे, आणि कारण खरं असलं पाहिजे.

त्यांचं दुसरं वेड हजेरीचं. ते फक्त पहिलं नाव घ्यायचे. आमच्या भागात असं कुणी करत नाही. आडनाव कळलं की समोरचा निम्मा कळतो, आणि उरलेला निम्मा गाव विचारलं की कळतो. मग बोलायला मोकळीक येते. आमच्या वर्गात तीन संतोष होते. सरांनी त्यांना संतोष एक, संतोष दोन आणि संतोष तीन केलं. संतोष तीन एका मोठ्या पुढाऱ्याचा पुतण्या होता. तिसरा नंबर त्याच्या वाट्याला पहिल्यांदाच आला असावा. तो उठून म्हणाला, "सर, माझं आडनाव लावा की. घोटाळा होणार न्हाई."

"आडनाव यंत्राला लागत नाही," सर म्हणाले. "मला का लागावं?"

त्यांच्या स्वतःच्या दारावरच्या पाटीवरही नाव नव्हतं. 'आहे' आणि 'नाही' अशी सरकणारी पट्टी तेवढी होती. अर्थात, त्यांचं आडनाव सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. असल्या बातम्यांना आमच्याकडं पोस्टाची गरज लागत नाही. मलाही ठाऊक होतं. मला माहीत नव्हतं असं आज लिहिलं तर ते शोभून दिसेल, पण खोटं होईल.

माझे वडील एकदा वाईहून मला भेटायला आले. मी त्यांची सरांशी गाठ घालून दिली. वडिलांनी नमस्कार केला आणि आमच्या घरच्या पद्धतीनं चौकशीला लागले.

"आपण मूळचे कुठले?"

"कुंडलच्या पुढचा."

"हो का? कुंडलच्या पुढं म्हणजे कुठल्या आळीत?"

"एस.टी. थांबते तिथून उजवीकडं."

"बरं, बरं. आणि कुलदैवत आपलं?"

सरांनी क्षणभर विचार केला. "सध्या तरी फ्रेंच आहे," ते म्हणाले.

वडील परतीच्या एस.टी.त बसले. खिडकीतून मला म्हणाले, "माणूस विद्वान वाटतो. पण सांभाळून."

ते फ्रेंच दैवत म्हणजे सरांची भाषा. तिचं नाव ऑब्जेक्टिव्ह कॅमल. ती तेव्हा अगदी ताजी होती. फ्रान्समधल्या मंडळींनी तयार केली होती, आणि सरांनी बंगळूरच्या एका मित्राकडून ती फ्लॉपींवर भरून आणली होती. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात होतं सी प्लस प्लस. ते सर इमानदारीनं शिकवायचे, जावयाला वाढावं तसं, काही कमी न करता आणि काही न बोलता. शनिवारी दुपारी मात्र ज्याला हवं त्यानं यायचं आणि कॅमल शिकायची. आम्ही पाच-सहा जण जायचो. मुलांनी सरांचं नाव 'उंटवाले' ठेवलं आणि आम्हाला 'काफिला' म्हणायला लागले.

सी प्लस प्लसमध्ये ज्याला वारसा म्हणतात तो प्रकार सगळ्यांना आवडायचा. एक वर्ग करायचा, समजा वाहन. मग त्याच्या पोटी दुसरा वर्ग, मोटार. वाहनाकडं जे जे आहे ते मोटारीला आपोआप मिळतं. काही करावं लागत नाही. पुस्तकात याची पानंच्या पानं झाडं काढलेली असायची. वर पूर्वज, खाली वंशज. संतोष तीनला हे प्रकरण चटकन कळलं.

कॅमलचा संसार वेगळा. तिथं आधी छोटी छोटी कामं करणारी फलनं. हे द्या, ते घ्या. वर्ग होते, वारसाही होता, पण त्याचा रुबाब नव्हता. सरांनी फळ्यावर तीन वर्ग लिहिले: चूल, स्टोव्ह, गॅसची शेगडी. तिघांचं आपसात काही नातं नाही, पण तिघांनाही 'तापव' म्हटलं की तापवता येतं. मग एक फलन लिहिलं, 'चहा कर'. त्याला तिघांपैकी काहीही दिलं तरी ते चाललं.

"बघा," सर म्हणाले. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "बाप कोण, हे विचारलंच नाही. तुला काय येतं, एवढंच विचारलं."

संतोष दोन म्हणाला, "सर, उन्हात तापल्याला पत्रा दिला तर?"

"'तापव' येतं ना त्याला? मग होईल चहा."

"मग सर, बापाची गरजच काय?"

"जन्मापुरती," सर म्हणाले आणि पुढं लिहायला लागले.

याच भाषेची आणखी एक गोष्ट त्यांनी त्या दिवशी सांगितली. ती पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ आहे, म्हणून सांगते. चूल असो की शेगडी, तिला एकदा नुसतं 'तापवणारं' म्हणून वर चढवलं, की पुन्हा खाली उतरवता येत नाही. म्हणजे 'तू मुळात चूल होतीस की शेगडी?' असं तिला नंतर विचारता येत नाही. दुसऱ्या भाषांत त्याची सोय आहे. इथं नाही.

"ही उणीव आहे का सर?" मी विचारलं.

"उणीव?" त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मी त्यांच्या घरातल्या कुणाबद्दल वाईट बोलले होते. "हे त्यांनी मुद्दाम केलंय."

आम्ही तिसऱ्या वर्षाला गेलो त्या जूनमध्ये प्राचार्यांनी सरांना बोलावलं. प्राचार्य सज्जन होते, म्हणजे वरून फोन आला की उभे राहून बोलायचे. कॉलेजातल्या सगळ्या विद्यार्थ्यांची नोंद संगणकावर करायची होती. बाहेरून प्रोग्रॅम आणण्यापेक्षा घरचाच माणूस आहे, तर त्याच्याकडून करून घ्यावा, असा विचार होता. सरांना इतका आनंद झाला, की त्यांची त्या दिवशी 'आहे'ची पट्टी सरकवायची राहूनच गेली.

आम्ही काफिल्यातल्या सगळ्यांनी महिनाभर कॅमलमध्ये काम केलं. मंगलनं सगळ्यात जास्त. प्रत्येक विद्यार्थ्याचा अर्ज समोर ठेवून आम्ही माहिती भरत होतो. अर्जात एक रकाना जातीचा आणि प्रवर्गाचा होता. आमच्या प्रोग्रॅममध्ये तो नव्हता.

"सर, हे कुठं भरायचं?" मी विचारलं.

"सवलत आहे का, एवढंच विचार त्याला. हो की नाही. बाकी यंत्राला कशाला?"

सवलत गरिबीमुळंही मिळायची आणि प्रवर्गामुळंही. यंत्र फक्त 'हो' म्हणणार होतं. मला ते मोठं सुंदर वाटलं. मंगल कळफलकावर बोटं ठेवून थोडी थांबली. मग पुढचा अर्ज घेतला. तिला तेव्हाच काहीतरी खटकलं होतं. पण सर इतके खुशीत होते, की कुणीच त्यांना मोडता घातला नसता.

आमच्या कॉलेजात दर वर्षी फलकावर विद्यार्थ्यांच्या याद्या लागायच्या. खुल्या गटाची पांढऱ्या कागदावर, बाकीच्या गुलाबी कागदावर, शेजारी शेजारी. गुलाबी कागदासमोर उभं राहिलेलं कोण कोण आहे, हे बघायला पांढऱ्या कागदावरची मुलं थांबायची. प्राचार्यांनी निरोप पाठवला: वर्गवार यादी काढून द्या. सरांनी दुसऱ्या दिवशी यादी नेऊन दिली. पहिलं वर्ष, दुसरं वर्ष, तिसरं वर्ष, चौथं वर्ष. सगळी नावं अकारविल्हे, सगळे कागद पांढरे.

प्राचार्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. हे मला मामांनी सांगितलं. ते चहा घेऊन आत गेले होते.

"अहो, वर्गवार मागितली होती."

"वर्गवारच आहे."

"वर्ग म्हणजे तो वर्ग नव्हे हो! प्रवर्ग!"

"ते यंत्राला माहीत नाही."

"मग विचारा त्याला."

"विचारता येत नाही, साहेब. एकदा विद्यार्थी म्हणून वर घेतलं, की मुळात तू कुठला, असं विचारायची सोयच नाही. भाषेतच नाही."

"कुठल्या भाषेत?"

"फ्रेंच आहे," सर म्हणाले.

ही बातमी मामांनी दुपारपर्यंत सगळ्या कॉलेजात पोचवली. आम्ही काफिल्यातले हसून हसून लोळलो. त्या वर्षी फलकावर एकच पांढरी यादी लागली, कारण दुसरी नव्हतीच. चार-पाच दिवस सर जिंकले होते.

मग समाजकल्याण कार्यालयाचं पत्र आलं. शिष्यवृत्तीसाठी मागासवर्गीय विद्यार्थ्यांची यादी सोमवारपर्यंत पोचली पाहिजे; नाहीतर यंदाची शिष्यवृत्ती नाही. मूळ अर्ज आणि आधीची रजिस्टरं तपासणीसाठी विद्यापीठात गेली होती, ती महिनाभर येणार नव्हती. जुन्या पद्धतीचं रजिस्टर ऑफिसनं त्या वर्षी लिहिलंच नव्हतं, कारण आता संगणक होता. म्हणजे ती यादी काढायची कुठून, तर आमच्या उंटाच्या पोटातून. आणि तिथं ती नव्हती.

शनिवारी दुपारी आम्ही नेहमीसारखे जमलो. मंगल सगळ्यात शेवटी आली. बसली नाही.

"सर, यादी गेली न्हाई तर माझं काय हुईल ठाऊक हाय का तुमाला?"

"मी बघतो काहीतरी."

"काय बघताय? त्यात कायबी न्हाई. मीच भरलंय ना ते." तिचा आवाज चढला. वसतिगृहात ती प्रमाण बोलायचा प्रयत्न करायची. त्या दिवशी ते सगळं गळून पडलं. "गुलाबी कागदावर नाव आलं तर मला लाज वाटत न्हवती. बघनाऱ्याला वाटू दे. त्या कागदावर माझं शिक्षान चालतंय. तुमी यंत्रातनं काडून टाकलं म्हंजे माझ्या अंगावरनं गेलं का त्ये?"

सरांनी कळफलक जवळ ओढला आणि परत मागं सारला.

"उंट तुमचा सर, पर उपाशी आमी ऱ्हानार."

ती निघून गेली.  सरांनी समोरच्या पडद्याकडं बराच वेळ पाहिलं. मग उठून आम्हाला म्हणाले, "जा तुम्ही आता."

रविवारी सकाळी मामा वसतिगृहावर आले. सरांनी मला आणि मंगलला बोलावलं होतं. मंगल यायला तयार नव्हती. मी तिला जवळजवळ ओढत नेलं. सर वर्गातल्या पहिल्या बाकावर बसले होते. समोर रेघांचे कागद. ते लिहीत होते. आम्ही जवळ जाऊन पाहिलं. विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, तालुका, जात, प्रवर्ग. एकाखाली एक, सगळ्या वर्षांची. शेजारी रजिस्टर नव्हतं, चिठ्ठी नव्हती, काही नव्हतं. सगळं डोक्यातून चाललं होतं.

मी त्या कागदांकडं पाहतच राहिले. ज्या माणसानं एवढ्या दिवसांत कुणाचं आडनाव तोंडातून काढलं नव्हतं, त्याला एकूण एक आडनाव पाठ होतं. नुसतं आडनावच नाही, कुणाचा बाप काय करतो, कुणाच्या घरी दाखला अजून निघालेला नाही, हेसुद्धा. एकेका नावावर त्यांचा हात किंचित थांबायचा आणि मग पुढं जायचा. पेन दाबून लिहीत होते. खालच्या कोऱ्या कागदावर अक्षरं उमटलेली दिसत होती.

"मंगल," ते मान वर न करता म्हणाले, "हे तुम्ही दोघी दोन्ही वसतिगृहांवर जाऊन एकेकाला विचारून तपासा. चुकलं असेल तर खोडा."

आम्ही दुपारपर्यंत आमच्याकडच्या खोल्या पालथ्या घातल्या, मुलांच्या वसतिगृहातल्यांना मामांनी खाली बोलावलं. जी मुलं गावी गेली होती, त्यांच्या मित्रांना विचारलं. एकच चूक सापडली. एका मुलाचं गाव त्यांनी आष्टा लिहिलं होतं. ते आष्ट्याजवळचं होतं.

सोमवारी सकाळच्या एस.टी.नं सर स्वतः यादी घेऊन सांगलीला गेले आणि पोच घेऊन आले. त्या वर्षी एकाचीही शिष्यवृत्ती बुडाली नाही. प्राचार्यांच्या दृष्टीनं प्रकरण इथं संपायला हवं होतं. पण 'फ्रेंच आहे' हे वाक्य संस्थेच्या कार्यालयापर्यंत पोचलं होतं, आणि तिथून फोन आला होता. प्राचार्य उभे राहिले असणार.

आठवड्याभरानं त्यांनी मला बोलावलं.

"तुझं मराठी चांगलं आहे, असं ऐकतो."

मी लाजले. खरंच लाजले, हे सांगायला हवं.

"विद्यार्थ्यांच्या काही तक्रारी आहेत त्या सरांबद्दल. तोंडी किती ऐकायच्या? एक निवेदन लिहून दे. दोन मुद्दे मी सांगतो, बाकी तू घाल." मग कागद सारखे करत म्हणाले, "पुढच्या वर्षी कंपन्या येतील मुलाखतींना. कुणाची नावं पुढं करायची, हे आम्हालाच ठरवायचं असतं."

त्यांनी धमकी दिली नाही. आमिषही दाखवलं नाही. माहिती दिली. मी वसतिगृहावर आले आणि निवेदन लिहिलं. पहिला मुद्दा, सर अभ्यासक्रमाबाहेरचं शिकवतात. दुसरा, त्यांच्यामुळे कार्यालयीन कामाचा खोळंबा झाला. हे दोन प्राचार्यांचे. तिसरा माझा मी घातला. लिहिताना मला वाटत होतं, निदान एक तरी खरं असावं: सर विद्यार्थ्यांच्या भल्याचे निर्णय विद्यार्थ्यांना न विचारता घेतात. खाली पहिली सही मीच केली. नंतर भराभर झाल्या. तिन्ही संतोषांनी केल्या. संतोष दोन सही करताना म्हणाला, "एवढं काय हुतंय गड्या, सही तर हाय." तो मलासुद्धा गड्याच म्हणायचा.

मंगलनं केली नाही.

"तूच तर भांडलीस ना त्यांच्याशी?" मी म्हणाले. मला राग आला होता. तिनं सही केली असती, तर मला हलकं वाटलं असतं.

"मी तोंडावर बोलले," ती केसाला तेल लावत म्हणाली. "मागनं कशाला बोलू?"

दिवाळीच्या सुट्टीनंतर सर आले नाहीत. त्यांची नेमणूक तात्पुरती होती, ती पुढं वाढवली नाही. नवे सर आले, त्यांनी पहिल्याच दिवशी फळा स्वच्छ पुसला आणि वाहन व मोटार शिकवायला घेतली.

चौथ्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीनं माझी मुलाखत घेतली. प्राचार्यांनी माझं नाव पुढं केलं होतं. शब्दाचे पक्के होते. कंपनीला एका गोष्टीत रस वाटला: ती फ्रेंच भाषा मला येते, हे मी अर्जात लिहिलं होतं. ती शिकवणाऱ्या शिक्षकाचं पत्र आणा, असं ते म्हणाले. म्हणजे मला सरांकडं जावं लागणार होतं. मी चार दिवस स्वतःशी भांडले आणि पाचव्या दिवशी कुंडलच्या पुढं जाणारी एस.टी. धरली.

एस.टी. थांबते तिथून उजवीकडं. खरंच तिथंच होतं. निळ्या दाराचं विटांचं घर, दारावर 'नमो बुद्धाय'. ओसरीवर दहावीची आठ-दहा मुलं-मुली गणितं सोडवत बसली होती. कोपऱ्यात खुर्चीवर सरांचे वडील होते. लष्करातून निवृत्त झालेले, पाठ अजून ताठ. सगळे त्यांना आबा म्हणत होते. सरांनी मला पाहिलं. "ये," म्हणाले. जणू शनिवार होता आणि मला थोडा उशीर झाला होता.

चहा झाला. मी पत्राचं सांगितलं. त्यांनी लगेच कागद घेतला, तिथंच बसून इंग्रजीत पानभर पत्र लिहिलं, पाकिटात घातलं. मला ते पाकीट हातात घेववेना.

"सर, ते निवेदन..."

"हं. चांगलं होतं. एकही शुद्धलेखनाची चूक नव्हती. तेव्हाच ओळखलं मी."

मी रिकामी कपबशी उगाच बाजूला सरकवली.

"पहिले दोन मुद्दे साहेबांचे असणार," ते म्हणाले. "तिसरा तुझा. खरा होता तो. मी मंगलला विचारायला पाहिजे होतं. एवढं सगळं येत होतं मला, तेवढं सुचलं नाही."

त्यांच्या आवाजात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. नव्हता. ओसरीवरून एका मुलीनं हाक मारली, "सर, हितं उत्तर यीना झालंय," आणि ते तिच्याकडं गेले. गेले ते गेलेच; तिच्याशेजारी मांडी घालून बसले आणि मी आहे हे विसरून गेले. मी पाकीट उचलून पिशवीत टाकलं.

आबा मला एस.टी.पर्यंत सोडायला आले. मी नको म्हटलं, तर म्हणाले, "हितं गाडी थांबत न्हाई. थांबवाय लागती. त्ये तुज्यानं व्हनार न्हाई." आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. दोन्ही बाजूंना उंच ऊस.

"तू त्याच कॉलेजातली का?"

"हो."

"मग सांग मला. त्यो म्हनतो, मीच सोडली नोकरी. कट्टाळा आला म्हनतो." त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, रस्त्याकडं बघत होते. "त्याला कट्टाळा येत न्हाई कशाचा. ल्हानपनापास्नं बघतोय. त्यानंच सोडली का?"

हो म्हणणं सोपं होतं. सरांनीच ते उत्तर तयार करून ठेवलं होतं. मला त्यात फक्त मान हलवायची होती.

"नाही आबा," मी म्हणाले. "काढलं त्यांना. आम्ही सह्या केल्या होत्या."

"तू बी?"

"पहिली माझी होती. लिहिलंही मीच."

 आबांचा जबडा हलत होता, जणू तोंडात काहीतरी कडक आलं होतं. वळणावर एस.टी. दिसली. ती वेग कमी करत नव्हती. आबा चालत रस्त्याच्या मधोमध गेले आणि हात वर करून उभे राहिले. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. ते हलले नाहीत. गाडी त्यांच्यापासून चार पावलांवर करकचून थांबली, तेव्हा कुठं बाजूला झाले आणि स्वतः दार उघडून धरलं.

मी चढले. ते खालूनच कंडक्टरला म्हणाले, "लेकरू लांबचं हाय. खिडकीला जागा द्या त्याला, आन सांगलीत नीट उतरवा."